दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर 12,400 किलोमीटर की 15,300?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
माझी धाकटी मुलगी डिसेंबरमध्ये नागपूरहून दिल्लीमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहे. दिल्लीहून विमान पहाटे 4 वाजता सुटून त्याच दिवशी सकाळी 6 वाजता पोहोचेल, असे तिकिटावर छापले आहे. घरच्यांना ही छपाईची चूक वाटते. शिवाय हवाई अंतर सर्वत्र सुमारे 12,400 किलोमीटर दिलेले असताना, या मार्गावर विमान 15,000 किलोमीटरांहून अधिक उडते असेही वाचनात आले. यातले खरे काय?

उत्तर 1 (निवृत्त भूगोल शिक्षक, वरुड)
तिकीट बरोबर आहे. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते, म्हणजे तिथे सकाळचे 6 वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. प्रवास साडेपंधरा तासांचा आहे. (उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेबारा तासांचा होतो.)
12,400 हे गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेचे अंतर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट दिसत नाही. एखादे कवठ घेऊन त्यावर दोन खुणा कराव्यात आणि दोरा ताणून धरावा. संत्रे आमच्याकडे मुबलक असले तरी ते चपटे असल्याने या कामाचे नाही. दोरा हिमालय आणि सायबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरापर्यंत चढतो व अलास्काकडून खाली उतरतो.

उत्तर 2 (विमान वाहतुकीत काम केलेला, मूळचा पुसदचा)
गुरुजींनी सांगितलेली वाट सर्वांत जवळची खरी, पण विमान तिच्यावरून तंतोतंत जात नाही. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाल्यास विमानाला सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते. तिथे तेवढे खाली यायला जागाच नाही.
दुसरे कारण वारा. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात आणि हिवाळ्यात जपानच्या आसपास ते फार जोरदार असतात. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये याच मार्गाचे विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले, तेव्हा अंतर सुमारे 13,900 वरून 15,300 किलोमीटर झाले, तरीही पाठीशी वारा असल्याने ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचले. वैमानिकाच्या लेखी जमिनीवरच्या किलोमीटरांपेक्षा हवेतील तास आणि इंधन यांना अधिक महत्त्व असते.

उत्तर 3 (आर्णी)
पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून विमानाला पूर्वेकडे जाणे सोपे पडते, असे आम्ही समजत होतो.

उत्तर 2 लिहिणारा
तसे असते तर उलटेच घडले असते, कारण मुक्कामाचे गावच पुढे पळाले असते. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. फायदा होतो तो केवळ पाठीमागच्या वाऱ्याचा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या आधी फोनची वाट पाहण्यात अर्थ नाही.

उत्तर 1 लिहिणारे
साडेसातला विमान पोहोचेल. पुढे पासपोर्ट तपासणीची रांग आणि सामान असते. तेव्हा जेवणे उरकून नऊच्या सुमारास फोनजवळ बसावे.