शब्दचर्चा: 'परवानामुक्त सॉफ्टवेअर' म्हणावे का?

कानामात्रा

शाळांच्या जडसंग्रह नोंदवहीत आणि संगणक कक्षाच्या अहवालात लिब्रेऑफिस (लेखन-हिशेबाचे), उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली), जीकॉम्प्री (लहान मुलांचे शैक्षणिक खेळ) यांच्यापुढे 'परवानामुक्त सॉफ्टवेअर' असा शेरा बरेचदा दिसतो. कुठे 'मोफत' लिहिलेले असते, कुठे 'फुकट', कुठे 'मुक्तस्त्रोत'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि 'स्रोत' बरोबर की 'स्त्रोत'?

अवग्रह

आधी सोपे निपटवू. 'स्रोत' बरोबर. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोतस्. पहिल्या जोडाक्षरात 'त' कुठेच नाही. स्त्री, शस्त्र, वस्त्र लिहायची हाताला सवय असते म्हणून तो घुसतो. सहस्र, स्राव, हिंस्र यांचेही लोक हेच करतात. 'मुक्तस्रोत' हा बहुव्रीही आहे, ज्याचा स्रोत मुक्त आहे ते, म्हणून एकत्र लिहावा.

'परवानामुक्त' मात्र नुसता सदोष नाही, तो अर्थ उलटा करतो. मराठीत 'मुक्त' नामाच्या मागून जोडला की ती गोष्ट उरलेली नाही असे कळते: कर्जमुक्त शेतकरी, तंबाखूमुक्त शाळा. तोच शब्द नामाच्या आधी आला की मोकळेपणा सांगतो: मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ, विकिपीडियाचा 'मुक्त ज्ञानकोश'. तेव्हा 'परवानामुक्त' वाचणारा 'याला परवानाच नाही' असे समजणार, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात परवाना नसलेले सॉफ्टवेअर सगळ्यांत बंदिस्त असते. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार प्रोग्राम लिहिला की हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. त्यामुळे कर्त्याने परवाना दिला नसेल तर कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) इंटरनेटवर उघडा पडलेला असला तरी त्याच्या प्रती वाटता येत नाहीत. लिब्रेऑफिस दहा संगणकांवर घालता येते ते परवाना आहे म्हणून. 'मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर' असे लिहावे.

खडूफळा

अवग्रह यांच्याशी पूर्ण सहमत. घोटाळ्याचे दुसरे मूळ 'परवाना' या शब्दातच आहे. आपल्याला परवाना म्हटला की गाडीचा, बंदुकीचा, दुकानाचा आठवतो. अर्ज करा, शुल्क भरा, मुदत संपली की नूतनीकरण करा. म्हणून तपासणीत 'परवाना दाखवा' म्हटले की शिक्षक बिल शोधायला लागतात, आणि बिल नसले की आपण काहीतरी बेकायदा केले असे त्यांना वाटू लागते.

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे कर्त्याने सर्वांना आगाऊ देऊन ठेवलेली लेखी परवानगी. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त संगणक प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. तिथून आलेली व्याख्या चार मोकळिकींची आहे: कोणत्याही कामासाठी चालवणे, आतली रचना पाहून गरजेप्रमाणे बदलणे, प्रती वाटणे, बदललेल्या प्रतीही वाटणे. चारांपैकी एकीतही किमतीचा उल्लेख नाही. विकत देता येते आणि लोक देतातही. रेड हॅटचा धंदा अशाच सॉफ्टवेअरवर उभा आहे आणि आयबीएमने ती कंपनी २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. त्यामुळे 'मुक्त'च्या विरुद्ध 'व्यावसायिक' लिहू नये. विरुद्धार्थी हवा असेल तर 'मालकी परवान्याचे' म्हणावे.

नोंदवहीत किंमत आणि परवाना असे दोन वेगळे रकाने ठेवले तर निम्मे प्रश्न सुटतात. उदाहरणार्थ: 'लिब्रेऑफिस, अमुक आवृत्ती, परवाना: मोझिला पब्लिक लायसन्स २.०, किंमत: शून्य, कोठून घेतले: प्रकल्पाचे अधिकृत संकेतस्थळ, संगणक: १०'. परवान्याचे नाव लिब्रेऑफिसच्या 'मदत' मेनूतच मिळते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींत प्रत्येक पॅकेजबरोबर (प्रोग्रामच्या गठ्ठ्याबरोबर) 'कॉपीराइट' नावाची फाइल येते. ती छापून फाइलला लावली की तपासणीपुरता पुरावा झाला.

बिनतारी

'मोफत' आणि 'फुकट' या जोडीबद्दल. 'मोफत' फारसीतल्या 'मुफ्त'वरून आला. सरकारी भाषेत तो सभ्य, 'फुकट'ला किंचित हलकेपणा. पण दोन्ही शब्द फक्त पैशांबद्दल बोलतात, आणि शाळेतले तीन वेगळे प्रकार त्या एका शब्दाखाली गोळा होतात.

पहिला प्रकार म्हणजे मोफत पण बंदिस्त: व्हॉट्सॲप, झूम, पीडीएफ वाचायचे ॲडोबी रीडर. पैसे नाहीत, पण बदलायची मुभाही नाही. कंपनीने अटी बदलल्या की आपण बांधले गेलो.

दुसरा प्रकार क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून चालवलेले. याला शाळेत सर्रास 'फुकटची विंडोज' म्हणतात, आणि इथे शब्दाने गुन्हा झाकला जातो. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. आर्थिक लाभासाठी वापर नसल्याचे दिसले तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण दंड करू शकते. तांत्रिक धोका आणखी जवळचा: क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. तो बंदच राहतो आणि पेन ड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस लॅबभर पसरतो.

तिसरा प्रकार खरे मुक्त. त्यातही एक नाव नेहमी चुकीच्या यादीत जाते: जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर. त्याचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली आहे, पण तयार इन्स्टॉलर आणि भाषांच्या फाइलींवर अव्यावसायिक वापराची अट आहे. शाळेला त्रास नाही. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी क्लासने मात्र अटी वाचूनच वापरावे. नोंदवहीत 'मुक्त' न लिहिता 'मोफत, अव्यावसायिक वापरासाठी' लिहावे.

कानामात्रा

मग 'मुक्त'ऐवजी 'स्वतंत्र' का नको? केरळात तेच म्हणतात ना?

अवग्रह

हो, मल्याळममध्ये 'स्वतंत्र सॉफ्टवेअर' रुळले आहे. भाषातंत्रावर काम करणारा तिथला गटसुद्धा 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' असे नाव लावतो. किमतीशी गल्लत होण्याची शक्यताच नाही, इतका तो शब्द चांगला. तिथे सरकारी शाळांचा संगणक विषयच या सॉफ्टवेअरवर चालतो. २००१ मध्ये सुरू झालेला 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प २०१७ मध्ये 'कैट' ही सरकारी कंपनी झाला, आणि कैटची स्वतःची उबुंटूवर आधारलेली प्रणाली शाळांत आहे.

मराठीत अडचण अशी की 'स्वतंत्र' म्हणजे 'वेगळा' हा अर्थ फार बळकट आहे. 'मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह', 'स्वतंत्र अर्ज करावा'. 'शाळेसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर' वाचून कुणालाही शाळेकरता वेगळे बनवलेले सॉफ्टवेअर असेच वाटेल. 'मुक्त'च बरा. 'खुला' 'ओपन'साठी चालला असता, पण तो नेमका दुसऱ्या गैरसमजाला हातभार लावतो.

खडूफळा

तो गैरसमज म्हणजे 'खुले आहे, कुणीही येऊन बदलेल'. बदल करता येतो तो आपल्या प्रतीत. मूळ प्रकल्पात काय घ्यायचे ते त्याचे सांभाळकर्ते ठरवतात आणि वितरण करणारे पुन्हा तपासतात. धोका शून्य नसतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फाइली आकसवायला इतर प्रोग्राम वापरतात त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत सांभाळकर्त्यानेच चोरवाट घातल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, त्याने खोदून पाहिले, आणि कोड उघडा असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो भाग पोहोचलेलाच नव्हता. शाळेने यातून घ्यायचे ते इतकेच: डेबियन स्थिर किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घालावी, नवी कोरी चाचणी आवृत्ती नको. विद्यार्थ्यांचे खाते वेगळे, ॲडमिनचा पासवर्ड शिक्षकांकडे.

'जीपीएल (ग्नू प्रकल्पाचा परवाना) असलेले वापरले की मुलांचा प्रकल्पही जगजाहीर करावा लागतो' हेही ऐकू येते. तसे नाही. गिंप या चित्रांच्या जीपीएल प्रोग्राममध्ये काढलेले चित्र काढणाऱ्याचे. जीपीएलची अट त्या प्रोग्रामच्या किंवा त्यातून घडवलेल्या प्रोग्रामच्या प्रती वाटताना लागू होते, तेव्हा सोर्स कोडही द्यावा लागतो.

मुक्त सॉफ्टवेअरला 'दर्जाहीन' म्हणणाऱ्यांसाठी: बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड ज्या दीक्षा मंचावर नेतो, तो सनबर्डवर बांधलेला आहे आणि सनबर्ड एमआयटी परवान्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे मराठी धडे तयार मिळतात.

बिनतारी

शाळेत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य राहिले: 'लिनक्सवर मराठी येत नाही.' इथे दोष शब्दाचा नाही, फाँटचा आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात फाइलीत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. 'मराठी' लिहिले की आत इ, जे, के, मोठा बी, एच ही इंग्रजी अक्षरे बसतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर, विंडोजवरसुद्धा, तीच इंग्रजी अक्षरे दिसणार.

उपाय युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा. उबुंटूत सेटिंग, कीबोर्ड, इनपुट सोर्स इथे मराठी निवडावे. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणी) यादीत दिसत नसेल तर 'आयबस-एम१७एन' पॅकेज घालून लॉगआउट करून परत यावे. फाँटसाठी लोहित देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त', दोन्ही ओपन फाँट लायसन्सखाली, त्यामुळे शाळा ते विद्यार्थ्यांना बिनधास्त वाटू शकते.

जुने दाखले आणि प्रश्नपत्रिका कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी आणि रफार नजरेने तपासावेत. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकतात, युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो, आणि जोडाक्षर आले की कन्व्हर्टर तिथेच चुकतो. 'विद्यार्थी', 'वार्षिक' हे शब्द शोधून पाहिले की गडबड लगेच सापडते. नावे आणि जन्मतारखा असलेल्या फाइलींची जुनी प्रत तपासणी होईपर्यंत पुसू नये.