ठाण्याच्या हवेत थंड पाण्याचा टब: बर्फ की चिलर?

थंड पाण्यात बसण्याच्या टबासाठी चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च टाळून बर्फाच्या लाद्यांवर भागवावे, असे काहीजण सुचवतात. ठाण्यात ते रोजच्या वापराला परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी सहज 30 अंशांच्या आसपास असते. असे 300 लिटर पाणी 15 अंशांपर्यंत उतरवायला हिशेबाने सुमारे 47 किलो बर्फ लागतो, आणि टबाला जाड इन्सुलेशन व घट्ट झाकण नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच लाद्यांची ने-आण. चिलर मात्र मोकळ्या हवेतच बसवावा, कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो भोवतालीच सोडतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वजनाचा आहे. पाणी, टब आणि माणूस मिळून भार चारशे किलोंच्या घरात जातो, तोही जेमतेम चौरस मीटरभर जागेवर. घरातील खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे 200 किलोच आहे. इमारत नौपाड्यातील जुनी असो वा घोडबंदर रोडवरील नवी, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टब भरू नये.

थंड पाण्यातही घाम आणि तेल उतरतेच. पाण्याच्या रेषेलगत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागले, तर फिल्टर धुवून क्लोरीन तपासावे आणि पाण्याचा सामू (pH) 7.2 ते 7.8 दरम्यान ठेवावा. झाकण कधीही उघडे राहू देऊ नये, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि चिलरच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.