वीजकेंद्राला सौर निःक्षारीकरणाची जोड द्यावी का?

सागरतीर:
वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्रात इंधनातल्या उष्णतेचा जवळपास निम्मा भाग कंडेन्सरमार्गे (टर्बाइनमधून आलेली वाफ निववून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रणेतून) समुद्रात जातो. दुसरीकडे, निःक्षारीकरणाच्या ऊर्ध्वपातन पद्धतीला, म्हणजे समुद्राचे पाणी कमी दाबाखाली टप्प्याटप्प्याने उकळवून गोडे करण्याला, साधारण ७० अंश सेल्सिअसची वाफ पुरते आणि तेवढे तापमान सौर संग्राहकही (उन्हातून वीज नव्हे, उष्णता गोळा करणारी उपकरणे) सहज देतात. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक नव्या औष्णिक केंद्राला असा प्रकल्प जोडावा, दिवसा सौर उष्णता वापरून टर्बाइनमधून घ्यावी लागणारी वाफ वाचवावी आणि रात्री केंद्राच्या वाफेवर काम चालवावे, असे माझे मत आहे.

शंकासुर:
‘वाया जाणारी उष्णता’ हीच या मांडणीतली कच्ची बाजू आहे. कंडेन्सरमध्ये वाफ सुमारे ४० अंशांना निवते. ती ७० अंशांनाच काढून घेतली, तर टर्बाइनमधला तिचा शेवटचा विस्तार बुडतो आणि वीज घटते. पाण्याची सुप्त उष्णता (वाफ होताना शोषली जाणारी आणि वाफ निवताना परत मिळणारी) दहा वेळा वापरली गेली असे धरले, तरी एका घनमीटरला सुमारे ६४ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते आणि तिच्यापायी चार ते पाच युनिट वीज जाते; पंपांची वीज वेगळीच. आधुनिक आरओ प्रकल्प (दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यांतून पलीकडे ढकलून क्षार मागे ठेवणारा) समुद्राचे तेच पाणी एकंदर तीन ते चार युनिटमध्ये गोडे करतो.

सौर बाजूचा हिशेब तर याहून प्रतिकूल आहे. चौरस मीटरवर दिवसाला ६ युनिट ऊन पडते असे धरा. ५० टक्के कार्यक्षमतेच्या संग्राहकातून ३ युनिट उष्णता मिळते, म्हणजे रोजच्या एका घनमीटर पाण्यासाठी सुमारे २१ चौरस मीटर संग्राहक हवेत. २० टक्के कार्यक्षमतेच्या सौर पॅनेलवर आरओ चालवल्यास तेवढ्याच पाण्यासाठी तीन चौरस मीटर पुरतात. मग संग्राहक लावायचे कशासाठी?

खारफुटी:
आकडे मान्य आहेत, पण समुद्र नेहमी आकड्यांप्रमाणे वागत नाही. २००८-०९ मध्ये आखाती समुद्रात सूक्ष्म शैवालाची लाल लाट आली, तेव्हा तिथले काही आरओ प्रकल्प पडदे तुंबण्याच्या धास्तीने बंद ठेवावे लागले होते. ऊर्ध्वपातन गढूळ पाणीही बऱ्यापैकी सोसते, शिवाय त्यातून निघणारे पाणी बॉयलरला लागते तितके शुद्ध असते. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राला जोडलेल्या प्रकल्पात दोन्ही पद्धती एकत्र आहेत: दररोज ४,५०० घनमीटर ऊर्ध्वपातनाने आणि १,८०० घनमीटर आरओने. हे मिश्रण मला अधिक शहाणपणाचे वाटते.

शंकासुर:
बॉयलरपुरते ऊर्ध्वपातन ठेवावे, त्याला माझी हरकत नाही; पण संपूर्ण शहराची तहान त्याच्यावर सोपवणे वेगळे. वीज आणि पाणी एकाच वाफेला बांधले की हिवाळ्यात अडचण होते: वातानुकूलनाची मागणी ओसरते, पाण्याची मात्र फारशी ओसरत नाही, आणि केवळ पाण्यासाठी बॉयलर पेटता ठेवावा लागतो. आखाती देश नवे प्रकल्प आरओकडे वळवत आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे. वीजकेंद्राच्या शेजारी राहण्याचा खरा लाभ वाफेपेक्षा नळांचा आहे. समुद्रातून पाणी घेण्याची व्यवस्था सामाईक होते, कंडेन्सरचे कोमट पाणी आरओला दिल्यास कमी दाब पुरतो (क्षार मात्र किंचित जास्त पलीकडे जातात) आणि उरलेले खारट पाणी शीतकरणाच्या प्रवाहात मिसळून विरळ होते.

सागरतीर:
वाफेपुरता तुमचा हिशेब चोख आहे. डिझेल इंजिनाला मात्र तो लागू पडत नाही. त्याच्या शीतकरणाचे पाणी ८० ते ९० अंशांना बाहेर पडतेच आणि ती उष्णता घेतल्याने विजेचे एक युनिटही कमी होत नाही. अनेक लहान बेटांवर वीज आजही अशाच जनित्रांवर चालते. तिथे ऊर्ध्वपातन करावे आणि दुपारी सौर पॅनेलमुळे जनित्र मंदावले की पडणारी उष्णतेची तूट भरण्यापुरतेच संग्राहक लावावेत, या आग्रहावर मी कायम आहे.

शंकासुर:
दुपारी पॅनेलची वीज उपलब्ध असेल, तर त्याच वेळी आरओ चालवून टाकी भरून ठेवणे त्या बेटालाही स्वस्त पडेल.