समृद्धीवर ॲडास लावलं की झोप येते, स्टेअरिंगला वजन लावायचा जुगाड करावा का?

जालन्याचा_बाळू
नमस्कार मंडळी. घरी नवीन एसयूव्ही घेतली, लेव्हल २ ॲडासवाली (म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम असलेली). आप्पांना मुंबईला दवाखान्यात दाखवायला न्यावं लागतं म्हणून जालन्याहून समृद्धीनं येणंजाणं चालूच असतं. १२० ला क्रूझ लावून दिलं की गाडी पुढच्या गाडीपासून अंतर धरते, पट्ट्यांच्या मधून आपली आपण जाते, आपण नुसतं बसायचं. भानगड अशी की जुन्या गाडीत मी सिन्नरपर्यंत ताजातवाना असायचो अन ह्या गाडीत वैजापूर यायच्या आधीच डोळे जड व्हायलेत. वरून हात जरा सैल सोडला की समोर लाल अक्षरात 'हात ठेवा' येतं, टुंग टुंग सुरू, मागं झोपलेली आई दचकून उठते. मेव्हणा म्हणतो स्टेअरिंगला एका बाजूनं वजन अडकव, ऑनलाइन मिळतं, मग आवाज येत नाही. कुणी वापरलंय का? अन दुसरं, गाडी सगळं करायली तर मला झोप कामून जास्त येते?

ट्रॅव्हल्सवाला_संभाजीनगर
लावा बिनधास्त, वजन कशाला विकत घेता, पाण्याची बाटली कोंबली तरी भागतं. रोड मोकळा आहे, ना दुचाकी ना ट्रॅक्टर, काय होतंय.

वाळूज_टेस्टिंग
बाळूभाऊ, ऐकू नका ह्यांचं. बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर हाताचा बारीकसा पीळ मोजतो, वजन लावलं की त्याला वाटतं माणूस आहे. म्हणजे तुम्ही जागे आहात का हे तपासायची गाडीकडं जी एक सोय होती तीच तुम्ही बंद करायलात, अन तेही झोप येते म्हणून! (काही गाड्यांत रिमला हाताचा स्पर्शच कळतो, तिथं हा जुगाड चालतही नाही.)

झोपेचं म्हणाल तर त्यात तुमचा दोष नाही. लेव्हल २ मध्ये हाताचं अन पायाचं काम गाडी घेते, डोळ्याचं काम अन जबाबदारी तुमच्याकडंच राहते. हुरड्याच्या दिवसात मचाणावर राखणीला बसवलेल्या माणसागत आहे हे, पाखरं आलीच नाहीत की डोळा लागतो. लिसान बेनब्रिज म्हणून मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी १९८३ मध्येच कारखान्यांच्या ऑटोमेशनबद्दल हे लिहून ठेवलंय, की सोपं काम मशीनला दिलं की माणसाकडं लक्ष ठेवणं अन मशीन अडकलं की एकदम ताबा घेणं एवढंच उरतं, अन जिथं काहीच घडत नाही तिथं कितीही मन लावलं तरी अर्ध्या तासाच्या वर माणसाचं लक्ष टिकत नाही.

२०१८ ला अमेरिकेत ॲरिझोनात उबरच्या टेस्टिंगच्या, आपली आपण चालणाऱ्या गाडीनं रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. सिस्टिमला ती साडेपाच सेकंद आधी दिसली होती, पण कधी गाडी, कधी 'इतर', कधी सायकल असं ठरवत बसली. मूळ गाडीचा कंपनीचा ऑटो ब्रेक टेस्टिंगसाठी बंद ठेवलेला. अन लक्ष ठेवायला बसवलेली ड्रायव्हर मोबाईल बघत होती.

समृद्धीवर मला भीती वेगळीच वाटते. तुम्ही एका कारमागं १२० ला चाललात, तिनं ऐनवेळी लेन सोडली अन पुढं पंक्चर कंटेनर उभा. पूल, कमानी, रेलिंग सगळ्यावरूनच गाडीच्या रडारचा सिग्नल परत येतो, म्हणून जास्त स्पीडला बऱ्याच सिस्टिम उभ्या वस्तूकडं दुर्लक्ष करतात, नाहीतर गाडी प्रत्येक बोर्डाला ब्रेक मारत बसेल. १२० ला सेकंदाला ३३ मीटर जाता तुम्ही. बाटलीच्या भरवशावर हिशोब करून बघा.

माजलगावकर
समृद्धीचं ठीकय हो, खाली उतरल्यावर बघा मजा. कारखाने चालू झाले की आमच्याकडं रात्री उसाच्या दोन दोन ट्रॉल्या जोडून चालतात, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली गेलेला, ऊस मागून हातभर बाहेर. मागच्या सीझनला परळी रोडला अशी एक ट्रॉली मला दिसली, गाडीच्या स्क्रीनवर मात्र समोर काहीच नाही, रस्ता मोकळा दाखवायली. ब्रेक मीच मारला. अन तीच गाडी बाजारात कुणी दुचाकीवाला आडवा घुसला की असा करकचून ब्रेक मारते की मागचा ॲपेवाला शिव्या घालतो. जुने पट्टे नीट न खोडता नवे मारलेत तिथं स्टेअरिंग भलतीकडंच ओढतं. मी ऑटो ब्रेक चालू ठेवतो, लेन असिस्ट गावाकडं आलो की बंद.

जालन्याचा_बाळू
मग क्रूझ वापरूच नाही का? पैसे तर त्याचेच मोजलेत राव.

वाळूज_टेस्टिंग
वापरा की. क्रूझ १०० ला लावा अन लेन धरून ठेवणारं फीचर बंद करा, स्टेअरिंग तुम्हीच फिरवा म्हणजे हाताला काम राहतं, निम्मी झोप तिथंच जाते. लेन सोडल्यावर नुसतं वाजणारं असतं ते असू द्या. बाकी डोळे जड झाले की पंपावर गाडी लावून पडा अर्धा तास नाहीतर घरच्या दुसऱ्या कुणाकडं द्या, ह्याला सॉफ्टवेअर नाही.

ट्रॅव्हल्सवाला_संभाजीनगर
गडकरी साहेब २०२३ ला नागपुरात म्हणले होते ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील म्हणून. बाळूच्या मेव्हण्यानं पाण्याच्या बाटलीत आणली 😂

माजलगावकर
बाटली तुमचीच आयडिया होती दादा, मेव्हण्याचं वजन होतं.

जालन्याचा_बाळू
वजन कॅन्सल. एकच विचारतो, पुढं स्टीलचं बंपर गार्ड बसवलंय अन काचेवर वरच्या बाजूला 'आई राजा उदो उदो' ची पट्टी आहे, त्यानं काही फरक पडतो का?

वाळूज_टेस्टिंग
पडतो म्हणजे काय! बऱ्याच गाड्यांत रडार बंपर नाहीतर ग्रिलच्या मागं असतो, त्याच्यापुढं स्टील उभं केलं की तो आंधळा. तसंही गार्डला परवानगी नाही, काढून टाका. कॅमेरा काचेला आतून, आरशाच्या मागं असतो, पट्टी तेवढ्या जागेवर यायली असली तर मागच्या काचेला लावा.