मदत हवी आहे: उन्हाच्या हॉलसाठी मोठा टीव्ही

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा हॉल पश्चिमेला उघडतो. दुपारी तीननंतर ऊन थेट टीव्हीच्या भिंतीवर येतं. आईबाबा नेमके तेव्हाच मॅच बघतात आणि स्क्रीनवर बाल्कनीचं ग्रिल स्पष्ट उमटलेलं असतं. जाड पडदे लावले की बाबांना कोंदटतं, म्हणून ते नकोत.

सोफा दहा फुटांवर आहे, तेव्हा ६५ इंची घ्यायचाय. ओएलईडीचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) काळा रंग सुरेखच, पण भर उजेडात मिनी एलईडी (ज्यात स्क्रीनमागे बारीक दिवे असतात) जास्त उजळ दिसतो, म्हणून माझा कल तिकडे. अडलंय ते स्क्रीनपाशी: मॅट, म्हणजे न चकाकणारी, घेतली तर प्रतिबिंब पुसट होतं, पण उन्हात काळा रंग राखाडी दिसतो का? शोरूमच्या दिव्यांखाली हे कळत नाही. अशा खोलीत रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. आई बाजूच्या खुर्चीत बसते, तिथून रंग फिके पडतात का, तेही. बजेट लाखापर्यंत.