मदत हवी आहे: बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन कोणता घ्यावा? आणि तो लावला की नहाणीचा (फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीचा) वास का येतो?

सईची_आई
नमस्कार मंडळी. ठाण्यात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाथरूम ७ फूट बाय साडेचार फूट, उंची साडेआठ. खिडकी एकच, काचेच्या पट्ट्यांची, तीही डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेत) उघडणारी. वरच्या पट्ट्या काढून तिथे अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यात सहा इंची प्लास्टिकचा पंखा बसवलाय, घर घेतलं तेव्हापासून आहे. आधी खरखर करायचा, आता बऱ्याचदा नुसता घुंऽऽ आवाज काढतो आणि फिरतच नाही. स्विच बंद करून पातं बोटाने फिरवलं तर जड लागतं.

पंखा धड होता तेव्हाही फार उपयोग होता असं नाही. आंघोळीनंतर आरसा तासभर धुरकट, छताच्या कोपऱ्यांत काळे ठिपके, रंगाचे पोपडे. आणि पंखा चालू असला की नहाणीतून वास येतो, बंद केला की कमी होतो! गिझर साधा विजेचा आहे.

दुकानदार म्हणतो दहा इंची मेटलचा घ्या. रंगारी म्हणतो वरून लिकेज आहे, आधी वरच्यांशी भांडा. सासूबाई म्हणतात खिडकी उघडी ठेवा, पूर्वी कुठे होते पंखे. (खिडकी तशीही उघडीच असते.) कुणाचं ऐकू?

खटपट्या
घुं करून फिरत नाही म्हणजे कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) गेला. बदलून घ्या, स्वस्तात काम होईल.

जुना_वायरमन
खटपट्या, पातं जड फिरतंय असं ताईंनी लिहिलंय, ते वाचा. पातं हलकं फिरत असेल आणि पंखा नुसता घुमत असेल तर संशय कपॅसिटरवर. जड फिरत असेल तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा पडलाय, नाहीतर बेअरिंग जाम आहे. शिवाय छोट्या प्लास्टिकच्या पंख्यांत बऱ्याचदा कपॅसिटर नसतोच.

ताई, एमसीबी पाडा, पंखा उतरवा, पातं काढा. धुळीत साबणाची वाफ मिसळून जो चिकट थर बसतो तो आधी साफ करा. मोटरवर पाणी नको, ओल्या फडक्याने पाती आणि जाळी पुसा. मग शाफ्टपाशी (पात्याच्या दांड्यापाशी) शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. त्यानंतर शाफ्ट आडवा हलवून पाहा. डुगडुगत असेल तर बुश झिजलाय, त्या पंख्यावर आणखी खर्च करू नका. नवा घेताना बॉल बेअरिंगचा मागा.

आता मोठा प्रश्न. दुकानदाराचं ऐकू नका. तुमची बाथरूम साधारण साडेसात घनमीटरची. तासाला १० ते १५ वेळा हवा बदलली तर भरपूर झालं, म्हणजे ७५ ते ११५ घनमीटर. सहा इंची पंख्याच्या खोक्यावर बहुधा २०० च्या वरचाच आकडा असतो. तो मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि झडपेमुळे कमी होतो हे धरलं तरी पुरतो. दहा इंची लावून फक्त आवाज वाढेल.

अडचण पंख्याची नाहीच, हवा येण्याची आहे. दार बंद, खाली फट नाही, मग पंखा ओढणार कुठून? एक तर शेजारच्या उघड्या काचपट्ट्यांतून. डक्टमधली हवा तिथून आत येते, हातभर अंतरावरच्या पंख्यातून पुन्हा डक्टमध्ये जाते, आणि शॉवरखालची वाफ जागच्या जागी राहते. सासूबाईंचा सल्ला पंखा नसताना बरोबर होता. पंखा आहे तर खिडकी बंद हवी आणि हवा दाराकडून यायला हवी.

दुसरी वाट नहाणीची. ट्रॅपमध्ये पाणी उभं असतं तेच गटाराची हवा अडवतं. ते सुकलं किंवा आतली वाटी कुणी काढून ठेवली असेल, की पंखा सरळ पाइपातून ओढतो. जाळी उचला आणि बघा.

अस्मि_नाशिक
रंगाऱ्याचं खरं की खोटं ते घरच्या घरी कळतं. छताचा वीतभर भाग कोरडा पुसा, त्यावर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट लावा, एक-दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या मागे, छताच्या बाजूला साचलं तर ओल वरून येतेय. खालच्या, आपल्याकडच्या बाजूला थेंब दिसले तर ती आपलीच वाफ. लिकेजचा डाग बहुधा एखाद्या पाइपाभोवती असतो, पिवळट कडेचा. सगळ्या कोपऱ्यांत ठिपके म्हणजे वाफेचीच शक्यता जास्त. वरच्यांशी भांडायला नंतरही वेळ आहे :)

ठिपके ब्लीचने घालवणार असाल तर एक इशारा: त्याच वेळी टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि पंखा बंद असलेल्या बंद बाथरूममध्ये तो फार वाईट.

सईची_आई
जाळी उचलली. वाटी जागेवर नव्हतीच, कोपऱ्यात कपडे धुण्याच्या ब्रशखाली सापडली! बसवली, बादलीभर पाणी ओतलं. वास निम्म्याहून कमी आहे.

प्लास्टिकवर थेंब आपल्याच बाजूला. वरच्या काकू सुटल्या.

पंखाही साफ केला, तेल दिलं. फिरतोय पण शाफ्ट डुगडुगतोय. जाळीवर कागद धरून पाहिला (ही कल्पना नवऱ्याची). खिडकी आणि दार दोन्ही बंद असताना कागद पडतो, दार थोडं किलकिलं केलं की चिकटतो. पण आंघोळीला दार उघडं कसं ठेवायचं?

जुना_वायरमन
तुमच्या यजमानांनी माझं काम केलं. बाटलीला तोंड लावून हवा ओढून बघा, थोडी येते मग थांबते, तसं चाललं होतं.

दार नुसतं खालून तासून भागणार नाही. सहा इंची पंख्याचं तोंड साधारण १७७ चौरस सेंटिमीटर. ७० सेंमी रुंद दाराखाली एक सेंटिमीटरची फट म्हणजे ७० चौरस सेंटिमीटर, निम्मीसुद्धा नाही. सुताराकडून दाराच्या तळाशी तिरक्या पट्ट्यांची पीव्हीसी जाळी बसवून घ्या. पट्ट्यांचा उतार असा हवा की बाहेरून दिसणार नाही आणि शिंतोडे बाहेर जाणार नाहीत. पीव्हीसीचं पोकळ दार असेल तर कापलेली कड सील करायला सांगा, नाहीतर पाणी आत शिरतं.

ठसकेबाज
धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमच्याकडे सिलिंडरवरचा गॅस गिझर बाथरूमच्या आतच आहे. एक्झॉस्ट लावला की धोका गेला ना?

जुना_वायरमन
नाही. अजिबात नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हलवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. बंद खोलीत पंखा ओढायला लागला तर गिझरच्या धुराड्यातून वर जाणारी हवा उलटी खोलीत येऊ शकते. वीज गेली तर तेवढाही पंखा नाही. गिझर हलेपर्यंत दार उघडं ठेवून, स्वतः बाहेर थांबून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आत जा.

ठसकेबाज
बरं. आजच माणूस बोलावतो.

सईची_आई
ठसकेबाज, खरंच आजच बोलवा.

शेवटचं विचारते. सहा इंची, बॉल बेअरिंगचा घ्यायचं ठरलं. दुकानात आर्द्रतेच्या सेन्सरचा पंखा दाखवला, आपोआप चालू-बंद होणारा. घ्यावा का? आणि नेहमीचा घेतला तर किती वेळ चालवायचा? पावसाळ्यात बाहेरच दमट असतं, तेव्हा काय उपयोग?

खटपट्या
कपॅसिटरचा डाव हरलो, हे तरी सांगू द्या. आमच्याकडे सेन्सरचा आहे. ठाण्या-मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, त्यामुळे तो बिचारा बंदच होत नाही. शेवटी साधा टायमर स्विच लावला.

पावसाळ्यातही उपयोग आहे. ४० अंशाच्या संपृक्त (वाफेने पूर्ण भरलेल्या) हवेत घनमीटरमागे सुमारे ५० ग्रॅम पाणी मावतं, २७ अंशाला जेमतेम २६. बाहेर कितीही दमट असो, गरम आंघोळीनंतरची वाफ त्याहून ओली असते, ती बाहेर गेलेली बरीच. मात्र टॉवेल तिथे वाळेल ही आशा सोडा, तो खोलीतल्या पंख्याखालीच.

आंघोळीच्या आधी चालू, नंतर २० मिनिटं. ३० वॅटचा पंखा रोज तासभर चालला तरी महिन्याला एक युनिटही होत नाही, त्यामुळे बिलाची धास्ती नको.

जुना_वायरमन
स्विच बाथरूमच्या बाहेर, अर्थिंगची वायर खरंच जोडलीय का ते तपासून, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या. पंखा घेताना मागे आपोआप मिटणारी झडप आहे का बघा, नाहीतर डक्टमधली कबुतरं आत डोकावतात. बाहेरून जाळी लावायची तर मोठ्या भोकांची लावा. मच्छरदाणीची बारीक जाळी धुळीने बुजते आणि पंखा पुन्हा घुसमटतो.