माहिती असते, गाडं दुसरीकडे अडतं
'कायदा माहीत नसतो म्हणून खेड्यातल्या बायका मार खातात' असं नेहमी म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षाच्या कामाला सुरगाणा-पेठ तालुक्यांकडून नवरा-बायकोच्या जोड्या येतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, मग बाई हंगाम सोडून जाणार कुठे? द्राक्षमण्यांची विरळणी करताना अंगातल्या पुरुषी शर्टाची बाही वर सरकली की दंडावरचा काळानिळा डाग सगळ्यांना दिसतो. मुकादम 'नवरा-बायकोचं आहे' म्हणून पुढच्या ओळीत. म्हाताऱ्या बायका मात्र तिला त्या रात्री आपल्यात झोपवतात, आणि नवरा पिऊन आला तर शिव्या घालून हाकलतात. गाव काहीच करत नाही असं म्हणूनच म्हणवत नाही. फक्त ते करणं एका रात्रीपुरतं असतं. पुढे गावच्या तंटामुक्ती समितीची बैठक, स्टॅम्पपेपरवर सही, आणि 'आता नीट नांदा'.

या सगळ्यात कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 27. अर्ज सासरच्याच कोर्टात करावा लागतो असं नाही. बाई तात्पुरती राहते किंवा कामाला असते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही चालतो. म्हणजे सुरगाण्याची बाई निफाडला अर्ज देऊ शकते. कलम 19 खाली राहत्या घरातून तिला काढू नये असा आदेशही मागता येतो, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने अर्जाला मदत करायची असते. तडजोडीच्या बैठकीत यातलं अवाक्षर निघत नाही.